पुलावर कुणी नव्हतं

"पुलावर कुणी नव्हतं, मॅडम," पडद्यावरची नजर न काढता बंदराचा अधिकारी म्हणाला. "असतं, तर क्रूझला चुकवताना मालजहाज पुलाकडे वळलंच नसतं. जहाज आपलं आपणच चालतं; माणसांच्या मनगटावरचे पट्टे मोजतं आणि पट्टे नसतील तिकडेच वळतं."

"अहो, माझा नवरा वेल्डर आहे तिथे! जेवायच्या सुट्टीत सगळे पट्टे काढून शेडमध्ये टांगतात आणि वर पुलावर वाऱ्याला डबा उघडतात." कडेवरचं बाळ सावरत केतकीने शेडमधून आणलेला हेमंतचा पट्टा टेबलावर आपटला. "होड्या पाठवा!"

"होड्या मी नाही चालवत. पाण्यात पट्टा दिसला की त्या आपणहून जातात."

बाहेर कोसळलेल्या पुलाने बंदराचं तोंड बुजवलं होतं. मालजहाजं खोळंबली होती. होड्या क्रूझवरच्या प्रवाशांना उतरवत होत्या आणि प्रवासी पुलाचे फोटो काढत होते.

केतकी पट्टा घेऊन धक्क्यावर धावली. होतं नव्हतं ते बळ लावून तिने तो पुलाच्या दिशेने भिरकावला. तो जेमतेम दहा हातांवर पडला.

भोंगा वाजला. सगळ्या होड्या प्रवाशांसकट गर्रकन वळल्या, सुसाट आल्या आणि पुलाकडे पाठ करून तिच्या पायांपाशी हेमंतला शोधू लागल्या.