ओल न धरणारी पट्टी

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी डॉ. सबनिसांनी सवयीप्रमाणे, आदल्या रात्री स्वतःच वाटीत भिजत घातलेली पट्टी उचलून जिभेखाली धरली. लाळेतून थकवा मोजल्याशिवाय हे दार कुठल्याच सर्जनला आत घेत नसे. पण पट्टी रात्रभर पाण्यात भिजत ठेवली की तिच्यावरच्या पातळ पडद्यामागे ओल साचते, आकडा घसरतो आणि दोन रात्री जागलेला माणूसही ताजातवाना ठरतो, हे सबनीस केव्हाच ओळखून होते.

तीन वर्षांपूर्वी ऋजुताचा भाऊ त्यांच्याच टेबलावर गेला. चौकशीत ते शांतपणे म्हणाले होते, "मी थकलेलो असतो, तर दार उघडलंच नसतं."

ते ऐकून ऋजुताने पट्टीला चकवता कसं येतं हे शोधून काढलं. पट्ट्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरीला लागली आणि पडद्यामागे पाणी झिरपू न देणारा थर शोधूनच थांबली. आज वाटीत तिच्या पट्ट्या होत्या, आणि दाराशेजारी ती स्वतः.

दारावर लाल दिवा लागला. सबनिसांनी पट्टी पुन्हा धरली. पुन्हा लाल.

"पट्टी बिघडलीय. दुसरी द्या, आत पेशंट वाट बघतोय."

"त्याच्यासाठी दुसऱ्या डॉक्टर निघाल्यात. आणि पट्टी ठीक आहे. कितीही भिजवलीत तरी आता आकडा हलत नाही."

"तुम्ही कोण?"

"निशिकांत खांडेपारकरची बहीण."

सबनिसांनी पट्टी हळूच खाली ठेवली.

"दार उघडलं नाही, डॉक्टर," ऋजुता म्हणाली. "घरी जाऊन झोपा. झोप येतेय का बघा."