पेंढ्याचा हात

ड्यूगल्डच्या रिकाम्या बाहीत तसबीरवाल्याने पेंढा कोंबला, टोकाला पांढरा हातमोजा खोचला आणि तो खुर्चीच्या हातावर नीट ठेवला.

"आता कसा शिपाई दिसतोस!" कॅप्टन मॉनक्रीफ म्हणाला. "ही तसबीर गुत्त्यात लावतो. बघ आपल्या पर्थची पोरं भरतीला कशी धावतात."

खरा हात पंजाबात, फिरोजशहाच्या लढाईत मातीत पडला होता. राणीला तो मुलूख हवा होता. तिला मुलूख मिळाला, ड्यूगल्डला पदक.

दाराशी त्याचा मुलगा रॉरी उभा होता. विणकर, पण माग बंद पडलेला. कॅप्टनच्या हातून शिलिंग घेतला की भरती पक्की.

"बाबा, अगदी पूर्वीसारखे दिसताय," रॉरी म्हणाला. आवाजात आनंद होता.

ड्यूगल्डने डोळे मिटले. भरती होऊ नकोस, असं दोन वर्षं तो पोराला सांगून थकला होता.

तसबीरवाल्याने त्याचं डोकं लोखंडी चिमट्यात अडकवलं. "मी कॅमेऱ्याचं झाकण परत लावेपर्यंत हलायचं नाही. मेलोय असं समजा."

"ते जमेल," ड्यूगल्ड म्हणाला.

झाकण निघालं. काचेच्या छतावरून ढग सरकत होते. अर्धा वेळ गेला आणि ड्यूगल्डने खांद्याला हिसडा दिला. हातमोजा पेंढ्यासकट खाली पडला.

"मुद्दाम केलंस!" कॅप्टन ओरडला.

"खांदा दमला, साहेब. पेंढा फार जड असतो."

तसबीरवाला तसबीर उमटलेला पत्रा धुऊन घेऊन आला. "चेहरा झकास आलाय. हाताचं तुम्हीच बघा."

रॉरीने पत्रा घेतला. पदक लखलखीत होतं. हात मात्र धुरासारखा, आणि त्यातून खुर्चीचं नक्षीकाम आरपार दिसत होतं. त्याने पत्रा उजेडाकडे कलता केला. चांदीचा, आरशासारखा चकचकीत पत्रा तो. बापाचा चेहरा विरला आणि त्याच्या लष्करी कोटावर रॉरीचं स्वतःचं तोंड आलं. खाली तोच धुराचा हात.

"पुसून टाक ते," कॅप्टन तसबीरवाल्यावर खेकसला. "उद्या दुसरी काढू." मग हसून त्याने रॉरीपुढे शिलिंग धरला. "चल पोरा, हात पुढे कर."

रॉरीने पत्रा बापाच्या मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात खिशात घातले.