रेघेच्या जागचं नाव

“त्याचं नाव का नाही घातलंत?” केझायाने दारातूनच विचारलं. अंगावरची शाल काढली नाही, हातातली टोपलीही खाली ठेवली नाही.

गिल्बर्ट हॅरोवेने चष्म्यावरून पाहिलं. कुणी कोळीण भेटायला आलीय, एवढंच मोलकरीण सांगून गेली होती. कड्याच्या वाटेने अकरा मैल चालत आलेली, पन्नाशीला टेकलेली ही बाई कोण, हे त्याला क्षणभर उमगलं नाही. मग हनुवटी ओळखीची वाटली.

“केझी,” तो म्हणाला. “बस आधी.”

ती बसली नाही.

तिचा भाऊ सायलस आणि हा गिल्बर्ट यॉर्कशरच्या किनाऱ्यावर एकत्र वाढले होते. एक होड्या बांधणाऱ्याचा मुलगा, दुसरा पाद्रीसाहेबांचा धाकटा. ओहोटीला खेकडे पकडायला जात ते एकदम जेवायलाच परतत. केझी सात वर्षांनी लहान. तिला ते बरोबर नेत नसत. ती गुपचूप मागून जायची, आणि सायलस मागे वळून न बघताच सांगायचा, डावीकडून ये, उजवीकडे शेवाळ आहे. बाविसाव्या वर्षी तो हेरिंग मासळीच्या हंगामात बोटीवरून उत्तरेला गेला. बोट परत आली नाही. तिची एक फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही.

दोन वर्षांनी गिल्बर्टचं पहिलं पुस्तक निघालं. त्यातल्या सात कवितांच्या वर नुसतं ‘प्रति’ होतं, आणि पुढे एक लांब आडवी रेघ. ज्याला लिहिलंय ते माणूस बाई की पुरुष, हेही कळत नव्हतं. सगळीकडे फक्त ‘तू’. त्या सात कवितांनी गिल्बर्टचं नाव झालं. मुली त्या वहीत उतरवून घेत, आणि रेघेमागची भाग्यवान कोण यावर शहरातल्या चहाच्या टेबलांवर वाद रंगत.

केझायाच्या कानावर यातलं काहीच आलं नव्हतं. मासे खारवणं आणि म्हाताऱ्या आईचं करणं, यातच तिचे दिवस गेले. आई सायलसचं नाव कधी घेत नसे. दुसऱ्या कुणी घेतलं तर उठून चुलीपाशी जाई. केझायाला वाटे, आईच्या काळजाचा दगड झाला.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. वसंतात नव्या पाद्र्याच्या बायकोने शिवणकामाला जमलेल्या बायकांना ते पुस्तक वाचून दाखवलं. चौथ्या कवितेत कुणीतरी डाव्या हाताने वल्हं मारत होतं. पाव मोडून मोठा तुकडा दुसऱ्याला देत होतं. मागे न बघता सांगत होतं, उजवीकडे शेवाळ आहे. केझायाच्या हातातली सुई थांबली. पाद्रीणबाईंनी आणखी एक बातमी दिली. पुस्तक पुन्हा छापलं जातंय, आणि या खेपेला त्या कवितांशेजारी एका सुंदर बाईचं चित्र येणार आहे. गळ्याशी लेस, हातात गुलाब.

“माझ्या भावाच्या हातात गुलाब दिलात,” केझाया म्हणाली. “होड्या ठोकणाऱ्याचा पोर, तुम्हाला लाज वाटली असेल. पण धाकले साहेब, त्याला ओळखणारी आता मी एकटीच उरलेय. मी गेले की तो कधी नव्हताच असं होईल.”

गिल्बर्टने चित्राचं आधी सांगितलं. ती हौस प्रकाशकाची होती. आजच पत्र लिहून तो ते काढायला लावणार होता. मग त्याने मेजाचा खण उघडला आणि एक पिवळा पडलेला कागद तिच्यापुढे धरला. छापण्याआधी तपासायला आलेला, तेहेतीस वर्षांपूर्वीचा. केझाया रविवारच्या शाळेत अक्षरं शिकली होती. तिने बोट ठेवून सावकाश वाचलं. प्रति सायलस स्टोर. त्या नावावर शाईने काट मारली होती.

“हे घेऊन मी तुमच्या घरी आलो होतो,” गिल्बर्ट म्हणाला. “तू मासळीबाजारात गेली होतीस.”

आईने सातही कविता ऐकल्या होत्या. चौथी दोनदा वाचायला लावली. मग विचारलं, यात त्याचं नाव कुठलं? तिला वाचता येत नव्हतं. त्याने दाखवलं. तिने त्या अक्षरांवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

“म्हणाली, एवढं काढा, बाकीचं राहू दे. आपल्या गावात कोरलेलं, छापलेलं नाव असतं ते गेलेल्यांचं. माझा अजून यायचाय. आला की मग घाला.” गिल्बर्ट थांबला. “आणि म्हणाली, केझीला कळू देऊ नका. ती रडून मोकळी झालीय. तिला पुन्हा वाट बघायला लावू नका.”

केझाया खुर्चीवर टेकली. चुलीकडे तोंड करून उभी असलेली आई तिला दिसली. आई तिथे तासन् तास काय करत असे, हे तिला इतक्या वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. बाहेर भरतीचा आवाज येत होता.

नव्या छपाईचे कागद मेजावरच होते. गिल्बर्टने टाक दौतीत बुडवला आणि पहिल्या रेघेवर आणला.

“मी शब्द दिला होता तो तिला. आता ती नाही,” तो म्हणाला. “तू सांगशील तसं. घालू नाव?”

केझायाने त्याचं मनगट धरलं.

“आई गेली खरी, धाकले साहेब,” ती म्हणाली. “पण वाट बघायला मी आहे ना अजून.”