छोटा हॅशटॅग

माझी लेक रेवा प्रत्येक फोटोखाली हॅशटॅग लावायची. आमचं गाव निर्मळ, क्लासचं नाव, अगदी बसस्टॉपसुद्धा. त्यावरूनच एका बिननावाच्या अकाउंटने तिला शोधून काढलं. रोज मेसेज यायचे. आज थेट आमच्या गेटचा फोटो आला आणि खाली, "बाहेर ये, नाहीतर मी आत येतो."

घरात आम्ही दोघीच. मी कडी लावली, पोलिसांना फोन केला आणि रेवाच्या हातातून मोबाइल घेतला. त्या अकाउंटवर एकच जुना फोटो होता, क्रिकेटच्या बॅटचा. खाली #आमचंगास. त्यावर बोट ठेवलं तर शेजारच्या गास गावातल्या बायकांच्या रांगोळ्या, फुलं, हळदीकुंकू.

मी फुलांच्या वेण्या विकते, त्या पेजसाठी रेवानेच मला शिकवलं होतं, "आई, मुंबईचा मोठा हॅशटॅग लावलास तर गर्दीत हरवशील. छोटा लाव, आपल्या माणसांचा."

मी त्याचा मेसेज आणि आमच्या गेटचा फोटो जसाच्या तसा माझ्या पेजवर टाकला. वर लिहिलं, "हा तुमच्यापैकी कुणाचा?" खाली एकच हॅशटॅग, त्याच्या गावाचा.

"अगं आई, ते कोण बघणार आत्ता?" रेवा रडकुंडीला आली.

बाहेर गेट करकरलं. आम्ही दोघी दाराला पाठ लावून उभ्या राहिलो. तेवढ्यात मोबाइलवर पहिली कमेंट आली.



"ताई, फोटोत कोपऱ्यात आहे ती स्कूटर माझी. भाजी आणतो म्हणून घेऊन गेलाय. पत्ता पाठवा, मी त्याची आई."