अर्धा मिनिट

रस्त्यात पुरलेले बॉम्ब कुणाला दुरून उडवता येऊ नयेत, म्हणून गाडीवरचा जॅमर सगळे सिग्नल दाबून टाकत होता. अगदी स्वतःच्या वायरलेसचेसुद्धा. टेकडीवरून आलेली गोळी चालकाच्या मांडीत घुसली होती आणि रक्त काही केल्या थांबेना. वायरलेसवाल्याचा जीव टांगणीला लागला. चालक त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता.

"साहेब, जॅमर बंद केल्याशिवाय हेलिकॉप्टर मागवता येणार नाही."

साहेबांनी टेकडीकडे पाहिलं. "अर्धा मिनिट. जागा सांग आणि लगेच सुरू कर."

त्याने श्वास रोखून जॅमर बंद केला, भराभर जागा सांगितली. काहीच उडालं नाही. तो पुन्हा स्विचकडे हात नेणार, इतक्यात वैमानिकाचा आवाज आला.



"निघालोय. पण आम्ही उतरेपर्यंत जॅमर बंदच ठेवा, नाहीतर आमचं हेलिकॉप्टर भरकटेल."