खालून घासणारी गाडी

"एक नंबर मोठेच टायर टाका," मी दुकानदाराला ठणकावून सांगितलं. "गाडी खालून घासते."

"मोठ्या टायरनं गाडी जराशी उचलली जाईल, काका, पण अ‍ॅव्हरेज पडेल. घासते कुठं?"

"आमच्या कॉलनीच्या गेटवर. स्पीडब्रेकर कसला, टेकाडच आहे ते! रोज सगळ्यांना खाली उतरवावं लागतं. दोन्ही मुली खिदळत उतरतात, आई माझा उद्धार करत, आणि बायको नुसती बघते. मी गाडी पलीकडे नेली की परत चढतात. एवढीशी गाडी घेतली म्हणून अजून बोलणी खातोय."

त्यानं मान डोलावली. "हल्ली किती जण बसता गाडीत?"

मी बोटं मोजायला घेतली. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. मुली लग्न होऊन परगावी गेल्या. येत्या दिवाळीत बायकोचं वर्षश्राद्ध.

"एकटाच असतो," मी म्हणालो.

"मग आहे तीच साइज ठेवू. एका माणसानं काही घासत नाही."

जुन्याच मापाचे नवे टायर घालून घरी निघालो. गेटवर सवयीनं थांबलो, हात लांब करून डावीकडचं दार उघडलं आणि बसून राहिलो. वॉचमन बघायला लागला तेव्हा दार ओढून घेतलं.

मग मुद्दाम जोरात गाडी घातली स्पीडब्रेकरवर.

कुठेच घासली नाही.