ओव्यांच्या आड

माकणीजवळच्या शाळेच्या वर्गात त्रेपन्न बायका, एकोणीस लेकरं, सहा बादल्या, दोन पंखे आणि साडी बांधून केलेला एक पडदा होता. पडद्यामागं बाकावर एक फोन. घरांत पुराचं पाणी शिरलं त्याला तिसरा दिवस होता.

मदतपथकातल्या शिवप्रियाला तालुक्यावरून एवढंच कळलं होतं: इथल्या काही जणींच्या एचआयव्हीच्या गोळ्या वाहून गेल्यात, नावं सांगता येणार नाहीत. खंड लांबला तर तेच औषध पुढं लागू पडेनासं होतं. औषधं आणायला गाडी तीनला निघणार होती. काल गावातलं मदतवाटप बघणाऱ्या गुंडाप्पांनी वहीत मागण्या लिहून घेतल्या आणि गावच्या रीतीप्रमाणं माइकवरून वाचून दाखवल्या. त्या गोळ्या कुणीच मागितल्या नव्हत्या.

"ह्याला आपली बोली कळते," शिवप्रिया फोनकडं बोट दाखवत म्हणाली. "काय पाहिजे ते सांगा. हा औषध तेवढं टिपतो. नाव, गाव, आवाज तिथंच पुसतो. पुढं जातो फक्त तुमच्या हातातला टोकन नंबर आणि औषध. पाकिटं सगळ्यांची सारखी, बंद."

कुणी उठेना.

मग सत्तरीच्या धुरपताबाई उठल्या. पडद्यामागून वर्गभर ऐकू येईल असं ओरडल्या, "मी धुरपता! गुंडाप्पानं वाटपाची ताडपत्री सोताच्या गोठ्यावर घातली. अन् माझं गुडघं लई दुखतेत!"

गुंडाप्पा तरातरा आत गेले. "दाखवा, काय लिवलंय माझ्याबद्दल."

फोनवर एकच ओळ होती. टोकन ११, गुडघेदुखी. त्यांनी बोटानं खाली-वर सरकवून पाहिलं.

"पण समद्यांनी ऐकलं की!"

"व्हय. फोन इसरला, मानसं न्हाय इसरत," धुरपताबाई म्हणाल्या. "म्हंजी आता कान तेवढे ऱ्हायले."

त्या बाहेर येऊन बसल्या आणि खणखणीत आवाजात जात्यावरची ओवी धरली. शेजारणीनं उचलली, मग सगळ्या वर्गानं. दोन ओव्यांच्या मध्ये त्यांनी हात उडवला, "जा गं एकेक. जिला काय नको, तिनंबी जा!"

गुंडाप्पा दारातून बाहेर पडले.

पहिली बाई आत गेली. एवढ्या गलक्यात फोनला ऐकू येईल? असल्या आवाजात तो कुणी तपासला नव्हता. आत बाईनं फोन ओठांशी धरला असेल. फोननं बरोबर ऐकलं असेल तर तिनं हिरवी खूण दाबायची होती. शिवप्रिया हातातल्या टॅबवर नोंदींच्या आकड्याकडं बघत राहिली.

आकडा हलला. दोन.

मग तीन. चार. आत जाणारीची ओवी पुढची बाई धरत होती. शिवप्रियाला शब्द येत नव्हते, तरी तीही गाऊ लागली.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी बेरीज आली. टोकन त्रेपन्न. ताप-खोकला सोळा, गुडघेदुखी बारा, बीपी नऊ, जुलाब पाच, काही नको चार. एचआयव्हीच्या गोळ्या सात.